जगाएवढा शब्द, दळणाएवढा अर्थ

इंग्रजी पुस्तक वाचताना कुठं ‘मंडेन एग’ असे दोन शब्द भेटले, तर काय अर्थ लावाल? ‘मंडेन’ म्हणजे नेहमीचं, साधं, ज्यात विशेष काही नाही असं. एवढं आपण शाळा-कॉलेजात शिकलेलो असतो. त्या हिशेबानं ‘मंडेन एग’ म्हणजे साधं अंडं. कोपऱ्यावरच्या दुकानात डझनानं मिळतं आणि सकाळी पावाबरोबर संपतं, ते.

इथंच फजिती होते. कारण हे दोन शब्द ब्रह्मांडासाठी आहेत. सृष्टीच्या आरंभी एक अंडं होतं आणि त्यातून सगळं विश्व बाहेर आलं, ही कल्पना आपल्याकडे हिरण्यगर्भाच्या रूपानं आहे आणि ग्रीकांच्या ऑर्फिक पंथातही होती. त्या आदिम अंड्याचं इंग्रजी नाव ‘मंडेन एग’. विल्यम ब्लेक या कवी-चित्रकाराच्या ‘मिल्टन’ या काव्यात ते येतं. काव्याच्या शीर्षकपानावर १८०४ हे साल आहे. आतल्या एका चित्रात चार मोठी वर्तुळं एकमेकांत गुंतलेली आहेत, भोवती ज्वाळा आहेत आणि मधोमध हे अंडं. त्यात ब्लेकनं ॲडम आणि सैतान या दोघांनाही जागा दिली आहे.

म्हणजे एकाच विशेषणात विश्वाचं बीजही मावतं आणि ऑम्लेटचा कच्चा मालही. शब्दांचे अर्थ बदलतात हे आपल्याला ठाऊक असतं, पण ब्रह्मांडापासून न्याहारीपर्यंतची घसरण जरा मोठीच आहे. ती कशी झाली हे कळलं, की हा शब्द कुठं आणि कसा वापरायचा हेही आपोआप कळतं.

सोमवारचा काही दोष नाही

या शब्दाचा उच्चार ‘मन्‌डेन’, जोर ‘डेन’वर. कानाला तो ‘मंडे’सारखा लागतो. सोमवारी सकाळी लोकलच्या फलाटावर उभ्या असलेल्या चेहऱ्यांवरची अवकळा या शब्दाच्या अर्थाशी इतकी जुळते, की दोघांचं काहीतरी नातं असणारच असं वाटतं. ते नाही. ‘मंडे’ हा ‘मून’चा, चंद्राचा दिवस, आपल्या सोमवारातला सोमही चंद्रच. ‘मंडेन’चं मूळ मात्र ‘मुंदुस’ या लॅटिन शब्दात आहे. मुंदुस म्हणजे जग. त्यावरून झालं ‘मुंदानुस’, म्हणजे जगाचा, जगातला.

मुंदुसची मुलंबाळं युरोपभर पसरली आहेत. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये जगाला ‘मुंदो’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘मोंद’. फुटबॉलचा विश्वचषक स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘मुंदियाल’ असतो आणि १९४४ साली पॅरिसमध्ये निघालेल्या दैनिकाचं नाव ‘ल मोंद’. ही सगळी मंडळी जगाला धरून राहिली. घरंगळला तो इंग्रजीतला भाऊ.

नेटकं जग

रोमनांनी जगाला ‘मुंदुस’ म्हणण्यामागे ग्रीकांचं अनुकरण होतं. ग्रीकमध्ये ‘कॉस्मॉस’ या शब्दाचा मूळ अर्थ नीट मांडणी, व्यवस्था, आणि म्हणून सजावट, शृंगारसुद्धा. आकाशातले तारे, ऋतू, दिवस-रात्र हे सगळं इतकं नेटकं चाललेलं आहे, की विश्वालाच ‘कॉस्मॉस’ म्हणायचं, असं ग्रीक तत्त्वज्ञांना सुचलं. परंपरा याचं श्रेय पायथागोरसला देते. इंग्रजीतले ‘कॉस्मिक’ आणि ‘कॉस्मेटिक’ हे दोन्ही शब्द याच एका घरातून निघाले. एक आकाशगंगेकडे गेला, दुसरा पावडर-लिपस्टिकच्या दुकानात.

लॅटिनमध्येही तसंच. ‘मुंदुस’ हे विशेषण म्हणून वापरलं, की त्याचा अर्थ स्वच्छ, नीटनेटका. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेला थोरला प्लिनी त्याच्या ज्ञानकोशवजा ग्रंथात दोन्ही शब्द शेजारी ठेवतो. ग्रीकांनी विश्वाला सजावटीचं नाव दिलं, आपण रोमनांनी त्याच्या निर्दोष देखणेपणावरून त्याला ‘मुंदुस’ म्हटलं, असा त्याचा आशय आहे. फ्रेंचमध्ये आजही गलिच्छ गोष्टीला ‘इमोंद’ म्हणतात. स्वच्छतेचा तो जुना अर्थ नकाराच्या आडोशानं तिथं टिकून राहिला.

याहून गमतीची गोष्ट रोमन कायद्यात सापडते. मृत्युपत्रात नवरा लिहून ठेवायचा, की बायकोला तिचा ‘मुंदुस’ द्यावा. आता विश्व तर कुणाच्या नावावर करता येत नाही. मग द्यायचं काय? तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा कायदेपंडित उल्पियन याचा खुलासा करतो. बाईचा मुंदुस म्हणजे तिच्या स्वच्छतेच्या आणि टापटिपीच्या वस्तू : आरसे, सुगंधी तेलं, तेलाच्या कुप्या, न्हाण्याचं सामान, इतकंच काय, रात्रीचं मूत्रपात्रसुद्धा. दागिने वेगळे, ते यात मोडत नाहीत. सम्राट जस्टिनियननं ५३३ मध्ये जो कायद्याचा महासंग्रह काढला, त्यात हा खुलासा जपलेला आहे. जग आणि बाईच्या कुप्या-पेट्या, दोहोंना एकच शब्द. ही जोडी लक्षात राहू द्या, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

त्या काळात ‘मुंदानुस’ हे विशेषण कुणाला लावलं तर तो गौरव होता. इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिसेरो सॉक्रेटिसची एक हकिकत सांगतो. तुझं गाव कोणतं, असं विचारल्यावर सॉक्रेटिस म्हणाला, की मी ‘मुंदानुस’. अथेन्सचा नव्हे, अवघ्या जगाचा रहिवासी. आजच्या इंग्रजीत हे वाक्य शब्दशः नेलं तर सॉक्रेटिस स्वतःला कंटाळवाणा माणूस म्हणाला असं होईल. ते त्याच्या बायकोला पटलं असतं कदाचित.

जगाचा धाक

ख्रिस्ती धर्म रोमभर पसरला आणि ‘जग’ या शब्दाची पत उतरली. देवाचं राज्य वर, आणि खाली हे जग : नाशवंत, मोहात पाडणारं, माणसाच्या आत्म्याला ओढून धरणारं. आपल्याकडे ‘मायाजाल’ म्हटलं की जे चित्र उभं राहतं, साधारण तसंच. जगाचा तिटकारा हा लॅटिन लेखनाचा एक प्रकारच होऊन बसला. पुढं तिसरा इनोसंट या नावानं पोप झालेल्या लोतारियोनं ११९५च्या सुमारास याच विषयावर ग्रंथ लिहिला आणि तो युरोपभर वाचला गेला. खुद्द पोपच्या राज्याभिषेकातही या जगाची आठवण करून दिली जाई. मिरवणूक थांबवून त्याच्यापुढं काठीच्या टोकाला बांधलेले तागाचे धागे पेटवत. ते भुर्रकन जळून जात आणि ‘मुंदी’, म्हणजे जगाचं, वैभव असंच सरतं, असे लॅटिन शब्द तीनदा उच्चारले जात. मुकुट धारण करून झालेला पोपचा असा राज्याभिषेक १९६३ नंतर झालेला नाही.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात फ्रेंचमधून आला, तो हाच अर्थ घेऊन. ‘मंडेन’ म्हणजे इहलोकीचं, स्वर्गातलं नसलेलं. तेव्हाचा ‘मंडेन’ माणूस कंटाळवाणा नव्हता, उलट भलताच रंगेल असू शकत होता. खाणंपिणं, पैसा, मानमरातब यांत बुडालेला, मरणाचा विसर पडलेला माणूस. आपले कीर्तनकार ‘संसारात गुरफटलेला’ म्हणतात, तसा.

मग यात कंटाळा आला कुठून? ‘रटाळ, नीरस’ या अर्थानं हा शब्द १८५०च्या सुमारास लिखाणात दिसू लागतो. मला वाटतं, जगाचा धाक ओसरला हे त्याचं कारण. जग हे पाप असेल तर त्यात एक थरारही असतो. विरुद्ध बाजूला स्वर्ग धगधगत असतो, तेव्हा बाजारातून भाजी आणण्यातही आत्म्याची कसोटी लागते. स्वर्ग नजरेआड झाला, घड्याळ आणि भोंगा यांवर दिवस चालू लागला, की उरतं ते नुसतं भाजी आणणं. शब्द तोच राहिला, त्याच्यासमोरचा स्वर्ग तेवढा उठून गेला.

पॅरिसला झगमगाट, लंडनला जांभई

फ्रेंचांचं जग मात्र दिवाणखान्यात गेलं. फ्रेंचमध्ये ‘मोंद’ म्हणजे जग, तसंच माणसं. ‘तू ल मोंद’, शब्दशः सगळं जग, याचा रोजचा अर्थ सगळेजण. त्यातून ‘मोंद’ म्हणजे ज्यांच्याकडे जग बघतं ती बडी माणसं, असाही अर्थ झाला. म्हणून आजच्या फ्रेंचमध्ये ‘मोंदेन’ संध्याकाळ म्हणजे उंची पोशाख, झुंबरं, शँपेन आणि नामांकित पाहुणे. जर्मननं हा शब्द फ्रेंचकडून उचलला. तिथंही ‘मोंडेन’ बाई म्हणजे झोकदार, अद्ययावत राहणारी. अलेक्झांडर द्युमा या बापलेकांपैकी मुलाचं ‘ल दमी-मोंद’ हे नाटक १८५५चं. ‘अर्धं जग’ असं ते नाव. प्रतिष्ठितांच्या जगाच्या उंबरठ्यावर अडकलेल्या, ना आत ना बाहेर अशा स्त्रियांचं ते जग. हा शब्द पुढं युरोपभर रूढ झाला.

म्हणजे फ्रेंच बाईनं एखाद्या इंग्रज बाईला ‘तुमचं आयुष्य फार मोंदेन आहे हो’ असं कौतुकानं म्हणावं आणि तिनं आठवडाभर बोलणं टाकावं, असा हा प्रकार. पंधराव्या शतकात दोघींचा शब्द एक होता.

इंग्रजीतली भावंडं

साध्या गोष्टींना नावं ठेवणारी विशेषणं इंग्रजीत पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांच्या पायाशी एखादी चांगली, उपयोगाची जागा आहे. ‘ट्रिव्हियल’मध्ये तीन रस्ते आहेत. कोकणात ज्याला तिठा म्हणतात, तो. तिठ्यावर जमणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेली गोष्ट ती ‘ट्रिव्हियल’. मध्ययुगातल्या शिक्षणात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विषयांच्या पहिल्या टप्प्यालाही ‘ट्रिव्हियम’ म्हणत. मराठीनं तिठ्याला सोडलं आणि चव्हाट्याला पकडलं. तिथं आलेली गोष्ट क्षुल्लक होत नाही, तिचा बोभाटा होतो.

‘बनाल’ ही सरंजामी भट्टी. जहागीरदाराच्या हुकमानं गावातल्या सगळ्यांनी त्याच्याच भट्टीत पाव भाजायचा, त्याच्याच गिरणीत दळायचं आणि वर त्याला मोबदला द्यायचा, अशी फ्रान्समध्ये सक्ती होती. सगळ्यांच्या वापराची ती ‘बनाल’ भट्टी; पुढं सगळ्यांनी वापरून गुळगुळीत झालेलं जे काही, ते बनाल. हाना आरेन्ट यांनी १९६३ साली नाझी अधिकारी आइकमनच्या खटल्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या उपशीर्षकात दुष्टपणाला हाच शब्द लावला, तेव्हा या गुळगुळीत शब्दानं जगाच्या अंगावर काटा आणला. ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पायी चालणारा. घोड्यावरच्यानं त्याला कमी लेखलं. ‘रूटीन’मध्ये रस्ता आहे, वारंवार तुडवलेला. इथं मराठीनं अगदी तेच केलं. चाकांनी पडलेली खोल वाट ती चाकोरी, आणि जो तिच्याबाहेर जात नाही त्याचं आयुष्य चाकोरीबद्ध.

‘व्हल्गर’ची हकिकत सगळ्यांत बोलकी आहे. ‘वुल्गुस’ म्हणजे सामान्य जनता. जेरोमनं चौथ्या शतकाच्या अखेरीस हाती घेतलेला बायबलचा लॅटिन अनुवाद ‘व्हल्गेट’ या नावानं ओळखला जातो, म्हणजे सर्वत्र चालणारा. पण जनतेचं ते हलकं, हलकं ते असभ्य, असं करत आज ‘व्हल्गर’ अश्लीलतेपर्यंत पोचला आहे. जुना निरुपद्रवी अर्थ उरला तो गणिताच्या पुस्तकात. एका अंकावर दुसरा अंक ठेवून लिहिलेल्या अपूर्णांकाला इंग्रजीत ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ म्हणत. तोच आपण शाळेत ‘व्यवहारी अपूर्णांक’ म्हणून शिकलो. जिथं इंग्रजीनं सामान्य माणसाकडे बोट दाखवलं, तिथं मराठीला व्यवहार दिसला. पण रोमनांना हसू नये. गावाला ‘ग्राम’ म्हणून त्यावरून ‘ग्राम्य’ हे दूषण आपणच काढलं, आणि संस्कृत पंडितांच्या लेखी मराठी ही ‘प्राकृत’, म्हणजे साध्यासुध्या लोकांचीच भाषा होती.

विरुद्ध बाजूला कोण आहे?

आता वापराकडे. कोशात ‘मंडेन’पुढं ऐहिक, लौकिक, प्रापंचिक, सामान्य, रोजचा, नीरस अशी रांग असते आणि नवा अनुवादक त्यातला पहिला शब्द उचलून मोकळा होतो. माझा अनुभव असा, की या शब्दाला एकच प्रश्न विचारावा : विरुद्ध बाजूला कोण आहे?

विरुद्ध बाजूला मोक्ष, देव किंवा निर्वाण असेल, तर हा जुना अर्थ आहे आणि तो अजून जिवंत आहे. पाली ग्रंथांच्या इंग्रजी अनुवादांत ‘मंडेन’ आणि ‘सुप्रामंडेन’ ही जोडी पानोपानी येते. मुळात ते ‘लोकिय’ आणि ‘लोकुत्तर’. लोकिय सम्यक दृष्टी म्हणजे कंटाळवाणी सम्यक दृष्टी असं कुणी समजलं, तर धम्माचा अर्थच बिघडला. इथं मराठीत ‘लौकिक’ आणि ‘लोकोत्तर’ हे शब्द तयारच आहेत. ज्योतिषातही असंच. ‘मंडेन ॲस्ट्रॉलॉजी’ ही काही किरकोळ भविष्यं नव्हेत. राज्यं, युद्धं, दुष्काळ यांचे ठोकताळे मांडणारी ती शाखा. तिला आपल्याकडे ‘मेदिनीय ज्योतिष’ म्हणतात. मेदिनी म्हणजे पृथ्वी. ज्यानं हा प्रतिशब्द योजला, त्याला मूळ अर्थ पक्का कळला होता.

विरुद्ध बाजूला गूढ असेल, तर अर्थ बदलतो. जुन्या वाड्याच्या माडीवर रात्री पावलं वाजतात, सगळी आळी घाबरते, आणि शेवटी कळतं की पत्रा सुटला होता. याला इंग्रजीत म्हणतात, की खुलासा अगदी ‘मंडेन’ निघाला. इथं ना टीका आहे ना कंटाळा. थोडी सुटका आणि थोडी निराशा आहे. ‘कारण अगदीच साधं होतं’ एवढं मराठीला पुरतं.

विरुद्ध बाजूला उत्साह, नावीन्य, साहस असेल, तर आजचा सर्रास चालणारा अर्थ. ‘मंडेन टास्क्स’ म्हणजे वीजबिल भरणं, दळण टाकणं, कपड्यांच्या घड्या घालणं. मराठीत याला ‘रोजचं रहाटगाडगं’ म्हणावं, ‘किरकोळ कामं’ म्हणावं किंवा नुसतं ‘हे नि ते’ म्हणावं. ‘मंडेन डीटेल्स’ म्हणजे बारीकसारीक तपशील. विशेषणाला ‘द’ लावून ‘द मंडेन’ म्हटलं, की अशा साऱ्या गोष्टींचा एक गठ्ठा तयार होतो. भाववाचक नाम ‘मंडॅनिटी’.

आणि एक पथ्य. हा शब्द कामाला, तपशिलाला, आयुष्याला लागतो. माणसाला सहसा लावू नये. साध्या माणसांसाठी इंग्रजीत ‘ऑर्डिनरी’ आणि ‘कॉमन’ आहेत, आणि त्यांत थोडी माया शिल्लक आहे. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला, टक्कल पडलेला, तोंडातून अवाक्षर न काढणारा गृहस्थ ‘कॉमन मॅन’च होऊ शकत होता. ‘कॉमन’मध्ये सगळ्यांचा वाटा असलेलं काहीतरी असतं. ‘मंडेन मॅन’ म्हटलं असतं, तर त्याचा पुतळा कुणी उभारला नसता.

साध्याकडे परत

विसाव्या शतकात काही लोकांना या शब्दातली जांभई खटकू लागली. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक म्हणत असे, की वर्तमानपत्रं अपघात सांगतात, आग सांगतात, रोज घडतं ते कुणीच सांगत नाही. ऑक्टोबर १९७४ मध्ये तो पॅरिसच्या सेंट सुलपिस चौकात सलग तीन दिवस जाऊन बसला आणि दिसेल ते टिपत राहिला : कुठल्या नंबरची बस गेली, कबुतरं उडाली, कुणाच्या हातात कसली पिशवी होती. पुढच्या वर्षी त्याचं छोटं पुस्तक झालं. मुंबईत अरुण कोलटकर वर्षानुवर्षं काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या हॉटेलात बसून समोरचा रस्ता पाहत. तिथले झाडूवाले, भटकी कुत्री, फुटपाथवर इडली खाणारी माणसं यांतून त्यांच्या इंग्रजी कविता झाल्या आणि २००४ साली ‘काळा घोडा पोएम्स’ हे पुस्तक आलं. दोघांनाही बसल्या जागेवरून जे दिसलं, ते शेजारून जाणाऱ्या हजारोंना दिसतच होतं.

त्याच २००४ साली जेफ रायमन आणि काही विज्ञानकथालेखकांनी एक जाहीरनामा काढला आणि त्याला ‘मंडेन’ हेच नाव दिलं. प्रकाशाहून वेगवान यानं, परग्रहावरचे पाहुणे, समांतर विश्वं या सुटकेच्या वाटा पुरे झाल्या. ही पृथ्वी, आपल्या आवाक्यातलं विज्ञान आणि त्यातून होऊ शकणारं उद्याचं आयुष्य एवढ्यावर लिहा, असा त्यांचा आग्रह. कंटाळवाण्या कथा लिहा असा त्याचा अर्थ नव्हता. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचा ‘इहलोकीचा’ हा अर्थ त्यांनी पुन्हा बाहेर काढला. फक्त स्वर्गाच्या जागी आता दूरच्या आकाशगंगा होत्या.

जपानमध्ये २०१४ पासून ‘जिमी हॅलोवीन’ साजरा होतो. इंग्रजीत त्याला ‘मंडेन हॅलोवीन’ म्हणतात. भुतांचे आणि राक्षसांचे मुखवटे तिथं नसतात. रोज दिसणारी, पण कधी लक्षात न राहणारी माणसं, त्यांच्या बारीक लकबी, हातातल्या वस्तू, एवढ्याचं सोंग काढायचं. बघणारा क्षणभर गोंधळतो आणि मग ओळख पटून खदखदून हसतो.

मराठीतला मुंदुस

मराठीत ‘मंडेन’ला एकच एक नेमका शब्द का सापडत नाही, असं अनुवादकांना नेहमी वाटतं. कारण आपल्याकडे जगाचे शब्द खाली उतरले खरे, पण वेगळ्याच घरात उतरले.

‘लोक’ घ्या. संस्कृतात लोक म्हणजे जग. स्वर्ग, मृत्यू, पाताळ हे त्रिलोक. मराठीत ‘लोक’ म्हणजे माणसं, आणि त्यातही ‘लोक काय म्हणतील’मधली माणसं. फ्रेंच ‘मोंद’ ज्या वाटेनं गेला तीच ही वाट. म्हणून तर मूळचा ‘जगातला’ एवढा अर्थ असलेला ‘लौकिक’ मराठीत चक्क कीर्ती झाला. एखाद्या शाळेचा लौकिक असतो, एखाद्या घराण्याचा लौकिक धुळीला मिळतो.

‘प्रपंच’ म्हणजे वेदान्तात पंचमहाभूतांचा सगळा पसारा, हे दिसणारं अख्खं विश्व. मराठीत मात्र तो तेल-मीठ-लाकडात आला. दोन मुलं, भाड्याची खोली आणि किराणामालाची उधारी एवढ्यावरही माणूस ‘प्रपंच चालवतो’. प्रपंच आणि परमार्थ ही जोडी मराठी माणसाला पाठ असते. पण आपल्या संतांनी त्यांच्यामध्ये भिंत घातली नाही. ‘दासबोधा’त समर्थ प्रपंच टाकून परमार्थाच्या मागे लागणाऱ्याला शाबासकी देत नाहीत. सावता माळ्यांना मळ्यात, गोरोबांना चिखल तुडवताना आणि जनाबाईंना जात्यापाशी विठ्ठल भेटला. दळण टाकणं हे मंडेन खरंच, पण पंधराव्या शतकातल्या इंग्रजाला त्यात जो स्वर्गाचा विरोध दिसला असता, तो जनाबाईंना दिसला नाही.

आणि ‘संसार’. हिंदीत आजही संसार म्हणजे जग. संस्कृतात ते जन्ममरणाचं चक्र. मराठीत संसार म्हणजे घर, नवरा-बायको, मुलं, आणि त्याहूनही पुढं जाऊन भांडीकुंडी. नवं जोडपं संसार थाटतं म्हणजे काय करतं? गॅस, कुकर, डबे, पिंप, दोन गाद्या आणतं. स्टीलच्या दुकानात भांड्यांवर नाव आणि तारीख घालून घेतं. घर बदललं, की अख्खा संसार एका टेम्पोत बसतो. उल्पियनला हा शब्द कुणी समजावून सांगावा लागला नसता. आरसे, कुप्या आणि न्हाणीचं सामान यांना मुंदुस म्हणणाऱ्या भाषेचा तो कायदेपंडित. डबे-पातेल्यांना संसार म्हणणारी भाषा त्याला शेजारचीच वाटली असती.

फरक एवढाच, की इंग्रजीत जग लहान होता होता त्याचं तेज गेलं, आणि मराठीत ते लहान होऊन घरात आलं तरी त्याचं वजन कमी झालं नाही. याची खात्री चांगल्या दिवसांत पटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापुरात शिरलं. अशा पुरानंतर मराठी वर्तमानपत्रांत ठरलेले शब्द येतात : संसार वाहून गेले, संसार उघड्यावर पडले. बातमीदाराला त्यात काही अलंकार साधायचा नसतो. चिखलानं भरलेलं कपाट, भिजून फुगलेल्या गाद्या, कोंब फुटलेलं धान्य, नाव घातलेला एक हंडा, एवढं त्याला सांगायचं असतं. इंग्रजी अनुवादक तिथं ‘घरगुती सामानाचं नुकसान’ असं काहीतरी लिहील, आणि ते चूक म्हणता येणार नाही. पण पाणी ओसरल्यावर दारात उभ्या राहिलेल्या बाईला विचारलं, तर ती सांगेल की काय गेलं. ती ‘संसार गेला’ म्हणेल, आणि त्या दोन शब्दांत ब्लेकचं अंडं आणि न्याहारीचं अंडं दोन्ही असतील.